तिसऱ्या मजल्यावरची कडी

घर बघायला येणारी माणसं आधी छताकडे बघतात, हे मला स्वतःचं घर विकायला काढेपर्यंत माहीत नव्हतं. चपला काढल्या, पाण्याचा ग्लास हातात घेतला, की मान वर. ओल आहे का, पोपडे सुटलेत का, सळई कुठे डोकावतेय का. आमच्या हॉलच्या छतात यातलं काही नव्हतं. होती ती फक्त एक लोखंडी कडी, बरोबर मधोमध. सगळ्यांची नजर तिच्यावर येऊन थांबायची. एकांनी विचारलं, "पंखा इथे का नाही लावला?" दुसऱ्या एका मुलाच्या आईने कडीकडे बघितलं, मग माझ्याकडे असं काही बघितलं, की मी घाईघाईने सांगून टाकलं, "झोपाळा होता हो. वेताचा. मुलगा लहान असताना."

तरी त्या परत आल्याच नाहीत.

डोंबिवली पूर्वेचं हे घर आम्ही १९९४ साली चार लाख ऐंशी हजारांना घेतलं होतं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, साडेपाचशे चौरस फूट. ते साडेपाचशेही कागदावरचे, टेप लावली तर चारशे वीस भरायचे. आम्ही दुसरे मालक. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट असतं ना, हिरवट जाड कागद, पन्नास रुपयांचे पाच शेअर, त्याच्या मागच्या बाजूला हस्तांतरणाचा तक्ता असतो. तारीख, नाव, अध्यक्ष-सचिवांच्या सह्या. त्या तक्त्यात आमची एकच ओळ. तिच्याखालच्या रिकाम्या रकान्यांकडे तीस वर्षांत माझं कधी लक्ष गेलं नव्हतं.

विकायचं का, याचं खरं कारण गुडघे. माझे दोन आणि ह्यांचा एक. त्रेपन्न पायऱ्या. दळण वर न्यायचं म्हणजे दुसऱ्या मजल्यावर थांबा. मुलगा पुण्यात, तो डोंबिवलीला परत येणार नाही हे त्याने न सांगता आम्हाला कळलं होतं. राहिली रिडेव्हलपमेंट. तिच्याबद्दल बोलायचं तर वेगळा लेख लिहावा लागेल. आमच्या बिल्डिंगीत रिडेव्हलपमेंटची चर्चा अकरा वर्षं चालली होती. तीन बिल्डर आले, तिघांनी पेढे दिले, एकाने तर चौकोनी काचेच्या पेटीत नव्या बिल्डिंगीचं पुठ्ठ्याचं मॉडेलही आणून ठेवलं होतं. ते सचिवांच्या घरी टीव्हीशेजारी होतं, नंतर त्यावर गौरीच्या सणाला मखरातले छोटे दिवे लागायचे. "थांबा हो, दोन वर्षांत लिफ्ट येईल, पार्किंग येईल, भाव दुप्पट होईल," असं मला जिन्यात सांगणाऱ्या जोशीकाकूंसारख्या चार जणी लिफ्ट न बघताच गेल्या. त्यातल्या दोघींना खुर्चीवर बसवून खाली आणताना मी मागचा पाय धरला होता. दुसऱ्या वेळी खाली पोचल्यावर मी ह्यांना म्हटलं, "आता विकू या."

हे म्हणाले, "विकू या. दापोलीला जाऊ."

मला वाटलं, आठ दिवस राहून यायचं म्हणतायत.

इथे ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. आमचे हे बी.एस्सी. अ‍ॅग्री. १९७९ ते ८३, दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ. त्यानंतर बँकेत कृषी अधिकारी म्हणून लागले. सुरुवातीची काही वर्षं शेतकऱ्यांच्या विहिरी आणि म्हशी मोजल्या, मग मुंबईची बदली आली आणि उरलेली नोकरी फोर्टात कर्जाच्या फायली बघण्यात गेली. आंब्याची जात पानावरून ओळखणारा हा माणूस तीस वर्षं सव्वाआठच्या लोकलने गेला आणि शेती म्हणून खिडकीच्या ग्रिलमध्ये सात कुंड्या सांभाळत बसला. त्यातल्या दोन कढीपत्त्याच्या. नातेवाइकांत ह्यांना "डोंबिवलीचे शेतकरी" म्हणत. हसायचे तेही. पण कुठेही जेवायला गेलो आणि आमरस आला, की वाटी पुढे ओढण्याआधी विचारायचे, "हापूस की रत्ना?" यजमानांना हा प्रश्नच कळायचा नाही.

तर दापोली. माझा विरोध होता, आणि तो सगळा समंजस विरोध होता: डॉक्टर कुठे, रेल्वे नाही, ओळखीचं कोण, पाऊस किती. फडके रोड सोडून मी कशी राहणार? दिवाळीच्या पहाटे फडके रोडला नटून न गेलेल्या बाईला डोंबिवलीकर म्हणतच नाहीत. पाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा १९९९ साली आमच्याच गणेश मंदिराने सुरू केली, पुढे ती गावोगाव गेली. पहिल्या वर्षी मी शाळेतल्या पोरींचं लेझीम पथक घेऊन चालले होते. हे सगळं मी ह्यांना ऐकवलं. ह्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "शेवटची कधी गेली होतीस?" गुडघ्यांमुळे सहा वर्षं मी ती यात्रा मोबाइलवरच बघत होते.

विकण्याचं काम तसं कंटाळवाणं. एजंट, टोकन, "मॅडम टायटल क्लिअर आहे ना", पुन्हा एजंट. पण त्यातले दोन प्रसंग मला अजून आठवतात.

पहिला व्हॅल्युअरचा. २००१ च्या आधी घेतलेलं घर विकलं की आयकरासाठी मूळ खरेदीची किंमत धरायची गरज नसते, १ एप्रिल २००१ ला त्या घराची बाजारात काय किंमत होती ती धरता येते. मग तिला महागाईच्या निर्देशांकाने वाढवायचं. आम्ही विकलं त्या २०२३-२४ च्या वर्षाला तो निर्देशांक ३४८ होता, म्हणजे २००१ सालचे शंभर रुपये ते तेव्हा तीनशे अठ्ठेचाळीस. (पुढच्या जुलैत हे नियम बदलले, आम्ही त्याआधी सुटलो.) तर नोंदणीकृत व्हॅल्युअर आले, तरुण मुलगा, गळ्यात लेझरचं मोजमाप यंत्र. भिंतीवर लाल ठिपका पाडत सगळं घर दहा मिनिटांत मोजलं आणि वहीत बघून विचारलं, "काकू, एक एप्रिल दोन हजार एकला घराची कंडिशन कशी होती?"

आता काय सांगू? मुलगा चौथीत होता. वार्षिक परीक्षा तोंडावर आल्या होत्या. त्या वर्षी आम्ही ओट्याची कडप्पा फरशी काढून काळा ग्रॅनाइट बसवला होता आणि त्याच्या कडेला माझं मनगट आपटून फ्रॅक्चर झालं होतं. वेताचा झोपाळा कडीला होता, पण बसणारा आता नऊ वर्षांचा झाला होता, त्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग असायचा. "चांगली होती," मी म्हटलं. त्याने लिहिलं: 'गुड'. सहा लाख किंमत काढली. त्याला ३४८ ने गुणून शंभराने भागलं तर वीस लाख अठ्ठ्याऐंशी हजार झाले. घर गेलं सेहेचाळीस लाखांना. मधला फरक साधारण पंचवीस लाख, तो नफा. विकल्यापासून दोन वर्षांच्या आत तो दुसऱ्या घरात घातला की त्यावर कर नाही. सी.ए.ने हे सगळं कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने करून दाखवलं तेव्हा ह्यांच्या चेहऱ्यावर बँकेतला माणूस परत आला होता.

दुसरा प्रसंग सोसायटीचा. हस्तांतरणाचा प्रीमियम २५,००० रुपयांहून जास्त घेता येत नाही, हे कमिटीलाही माहीत होतं आणि आम्हालाही. म्हणून आमच्या पुढ्यात पावती पुस्तक न येता एक वही आली, 'स्वेच्छा देणगी'. वरच्या ओळीत आधी घर विकलेल्यांची नावं आणि प्रत्येकाने स्वेच्छेने दिलेले नेमके एक लाख. सगळ्यांची इच्छा इतकी सारखी कशी, असं ह्यांनी विचारलं. तिथे बसलेल्या खजिनदारांच्या मुलीला मी दहावीला मराठी शिकवलं होतं. ते वहीकडे बघत राहिले. शेवटी पंचवीस हजारांचा चेक दिला आणि गणपतीच्या वर्गणीत पाच हजार. निघताना खजिनदार दारापर्यंत आले आणि म्हणाले, "बाई, राग मानू नका." मी मानला. अजून आहे थोडा.

घेणारं जोडपं तरुण होतं. तो ऐरोलीला आयटीत, ती नर्स. घर तिच्या नावावर घेतलं, कारण बाईच्या नावावर मुद्रांक शुल्क एक टक्का कमी पडतं. मला हे कारण कितीही व्यवहारी असलं तरी आवडलं. निबंधक कार्यालयात दिवसभर बसलो. अंगठा, फोटो, पुन्हा अंगठा. माझ्या अंगठ्याचे ठसे मशीनला येईनात. खडू आणि भांड्याची राख, दोन्हींनी झिजलेला अंगठा. तिथल्या मुलाने ओलं फडकं दिलं, "घासा मॅडम जोरात." चौथ्यांदा उमटला. बाहेर आल्यावर त्या मुलीने माझ्या हातावर सॅनिटायझर घातलं आणि विचारलं, "काकू, ती कडी काढून टाकायची का आम्ही? की राहू दे?"

"तुमचं घर आहे आता," मी म्हटलं. हे बोलणं मी मनाशी आठवडाभर घोकलं होतं. तरी नीट आलं नाही.

सामान टेम्पोने गेलं. आम्ही गेलो दिवा-सावंतवाडीने. डोंबिवलीकराला दिवा म्हणजे पुढचं-मागचंच स्टेशन, पण आयुष्यात पहिल्यांदा मी तिथे उतरले ती दुसरी गाडी पकडायला. खेडला उतरायचं आणि तिथून एसटीने तीसेक किलोमीटर घाट चढत दापोली. दापोलीला रेल्वे नाही, समुद्रही नाही. समुद्र मुरूडला, कर्द्याला, हर्णैला, खाली उतरून गेलं की. गाव वर पठारावर. म्हणूनच इंग्रजांनी इथे छावणी टाकली आणि जुनी माणसं अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात. इंग्रजांच्या पडक्या कबरी आहेत, त्यांच्यावर रान माजलंय. पहिल्याच दिवशी रिक्षावाल्याने आम्हाला तालुक्याची ओळख करून दिली ती भारतरत्नांपासून: मुरूडचे महर्षी कर्वे, १९५८. महामहोपाध्याय काणे, १९६३, शाळा दापोलीत. बाबासाहेबांचंही लहानपण काही काळ इथे गेलं. शिवाय साने गुरुजी पालगडचे आणि त्यांचीही शाळा इथलीच. "एवढ्याशा गावात, बोला!" तो म्हणाला आणि मग गिम्हवण्यापर्यंतचे वीस रुपये जास्त सांगितले.

गिम्हवण्यात आमचं घर. विद्यापीठाकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, दुमजली इमारत, आम्ही तळाला. एकही पायरी नाही. चिऱ्याचं कुंपण, मागे सहा पावलांचं अंगण आणि त्यात एका भल्यामोठ्या फणसाचा बुंधा, कापलेला. २०२० च्या ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं त्यात तो फणस गेला. इथे माणसं काळ असाच मोजतात, वादळाआधी आणि वादळानंतर. घर सत्तावीस लाखांना. विकणारे विद्यापीठातले निवृत्त क्लार्क, ते कुठे चालले होते म्हणाल तर मुलाकडे, बदलापूरला. खरेदीखताच्या दिवशी चहा पिताना ह्यांनी त्यांना सकाळच्या कर्जतच्या गाडीत जागा कशी मिळवायची ते शिकवलं आणि त्यांनी ह्यांना विहिरीच्या मोटारीला पावसाळ्यात काय गुंडाळायचं ते.

वरच्या मजल्यावर तेव्हा विद्यार्थी राहायचे, चार जण.

दापोलीत विद्यापीठ आलं १८ मे १९७२ ला. राज्यात चार कृषी विद्यापीठं: राहुरी, अकोला, परभणी आणि हे. प्रवेश एकत्र होतात, त्यामुळे इथे येणारी सगळी पोरं कोकणातलीच असतात असं नाही. लातूर, बुलढाणा, सोलापूर, नगर. ज्या पोराने उभ्या आयुष्यात सलग चार दिवस पाऊस बघितलेला नाही ते जुलैत इथे उतरतं. वर राहणारा लातूरचा मुलगा पहिल्या वर्षी खाली येऊन विचारायचा, असं तो स्वतःच सांगतो, मला नव्हे, माझ्या आधी इथे राहणाऱ्या काकूंना: "काकू, इकडं कपडे वाळतेत तरी कधी ओ?" त्या म्हणाल्या होत्या, "नवरात्रात."

आणि हे खरं आहे. माझीही पहिल्या पावसाळ्यात तीच गत झाली. डोंबिवलीत पाऊस म्हणजे रुळांवर पाणी आणि गाड्या उशिरा, तेवढंच. इथे पाऊस घरात राहायला येतो. मीठ पाझरतं, पोह्यांना वास येतो, कपाटातल्या माझ्या पैठणीच्या काठाला हिरवट बुरशी आली ती बघून मी अक्षरशः रडले. लाइट जाते ती 'तारेवर फांदी पडली' या कारणाने आणि ती फांदी कुठल्या झाडाची हे सगळ्या आळीला माहीत असतं. एका रात्री ह्यांच्या छातीत दुखलं, तेव्हा घाट उतरून चिपळूणकडे जाताना गाडीच्या काचेवर पाण्याशिवाय काही दिसत नव्हतं. गॅसेस निघाले. पण त्या दीड तासात मला डोंबिवलीतली कोपऱ्यावरची तिन्ही हॉस्पिटलं पाट्यांसकट आठवत होती. गाडी कोणी चालवली? वरच्या चौघांपैकी नगरच्या मुलाने. लायसन्स होतं की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही.

छोट्या कॉलेजच्या गावात राहण्याचं सुख नेमकं काय, ते मला बादलीवरून कळलं.

त्या चौघांच्या बाथरूममध्ये एक निळी बादली होती, वीस लिटरची, जाड जुन्या प्लॅस्टिकची, आता तशा मिळत नाहीत. एकदा पाणी आलं नाही म्हणून मुलं खाली आमच्या नळावर ती भरायला आली, तेव्हा मी नीट बघितली. बादलीच्या अंगावर ऑइलपेंटने नावं होती. वरून खाली. सगळ्यात वर फिकट झालेलं एक 'पाटील', त्यावर आडवी रेघ. खाली 'विक्या', रेघ. खाली 'एस. आर. के. (फॉरेस्ट्री)', रेघ. मग दोन नावं वाचताच येईनात. सगळ्यात खाली लातूरच्या मुलाचं नाव, त्यावर रेघ नाही. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "काही नाही काकू, सीनियर जाताना देऊन जातो. बादली, गादी, इस्त्री. नाव नाही टाकलं तर मेसवाला उचलतो."

जूनच्या सुमाराला या गावात घराघरांतून अशा वस्तू निघतात. चार वर्षं संपली की पोरं घरी जातात आणि गाद्या, टेबलपंखे, केटल, सायकली, चाळीस रुपयांचं बुटांचं कपाट, सगळं खालच्या वर्षाकडे सरकतं. केळसकर नाक्याजवळ झेरॉक्सच्या दुकानासमोर 'सायकल विकणे आहे' असे हाताने लिहिलेले कागद दिसतात. मी डोंबिवलीचा माळा उपसत होते तेव्हा तीन प्रेशर कुकर, मुलाची पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं आणि एका कापडात बांधलेला तो वेताचा झोपाळा निघाला होता. झोपाळ्याचं वेत कुजलेलं. भंगारवाल्याने लोखंडी साखळीचे तेवढे पैसे दिले. तीन दिवस मी कोणाशी बोलले नव्हते. आणि इथे ही एकवीस वर्षांची पोरं टेम्पोच्या फाळक्याला पाठ लावून वडापाव खात सांगतात, "गादी तुला, पंखा त्याला, केटल नीट वापर रे, खालून तापते." खरेदीखत नाही, निबंधक नाही, स्वेच्छा देणगी तर नाहीच.

ह्यांचं मात्र वेगळंच चालू होतं. पहाटे उठून विद्यापीठाच्या रस्त्याने फिरायला जायचे ते नऊला परत यायचे, कारण वाटेत दिसेल त्या झाडाची चौकशी. पहिला पाऊस पडला की रोपवाटिकेत कलमांसाठी माणसं येतात, त्या गर्दीत ह्यांनी लोकांना सल्ले द्यायला सुरुवात केली. "रत्ना घ्या. नीलम आणि हापूसचा संकर आहे, फळात साका होत नाही, म्हणजे गर आतून खराब निघत नाही. सिंधू घ्या, कोय पातळ." लोकांना वाटायचं हे विद्यापीठाचेच. एका गृहस्थांनी तर ह्यांच्याकडे बिल मागितलं.

जुलैत ह्यांनी जाहीर केलं, आपण घरी कोय कलमं करायची. हे तंत्र इथल्याच विद्यापीठाने शेतकऱ्यांपर्यंत नेलं. आंब्याच्या कोयी रुजत घालायच्या, कोंब वर येतो, पानं अजून तांबूस, लाडिक, पंधरा दिवसांची असतात तेव्हाच तो उपटून घ्यायचा, कोयीसकट. शेंडा उडवायचा, राहिलेल्या दांड्याला उभी चीर द्यायची. मग चांगल्या झाडाची, डोळा फुगलेली काडी घ्यायची, तिला खालून दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची आणि ती चिरेत बसवून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. ऐकायला सोपं. दांडा पेन्सिलीहून बारीक असतो आणि हातात नवं ब्लेड.

ह्यांनी १९८१ साली प्रॅक्टिकलला अशी शंभर केली होती म्हणे. ओसरीवर वर्तमानपत्र पसरलं, चष्मा चढवला, पहिल्या कोंबाला चीर दिली ती आरपार गेली. दुसऱ्याला पाचर सैल. तिसऱ्याला हात कापला. लातूरचा मुलगा जिन्यात बसून बघत होता. बराच वेळ गप्प बसला, सर म्हणून मान ठेवत. मग खाली आला. "काका, ब्लेड ओढू नका. ब्लेड ठेवा आणि दांडा पुढं सरकवा." त्याने एक करून दाखवलं. त्याची बोटं काळी, नखं तुटकी, पण पाचर चिरेत अशी बसली की जोड कुठे आहे ते दिसेना. पट्टी बांधताना खालून वर, दाताने टोक धरून. हे चष्म्यातून बघत होते. मला वाटलं, आता म्हणतील आमच्या वेळी असं नव्हतं. पण ते वर्तमानपत्रावर एका बाजूला सरकले आणि म्हणाले, "बस इथं. परत दाखव."

ह्यांनी बारा केली, त्यातली पाच जगली. त्याने बारा केली, नऊ जगली. तीन आठवड्यांनी काड्यांना तांबडी पानं फुटली तेव्हा ह्यांनी मुलाला पुण्याला व्हिडिओ कॉल लावून चौदा पिशव्या एकेक करून दाखवल्या. तो मीटिंगमध्ये होता.

त्यानंतर दर रविवारी मी वरच्या चौघांसाठी ज्वारीच्या भाकरी करायला लागले. इथे मेसमध्ये भात, भात आणि भात. पोरांची तक्रार चवीबद्दल नव्हती, "पोट भरतंय पण जेवल्यासारखं वाटत नाही" अशी होती. माझ्या भाकरी काही खास नाहीत, कडेला फाटतात, सोलापूरच्या मुलाने पहिल्याच दिवशी तसं सांगितलं. पुढच्या वेळी गावाहून त्याच्या आईने दिलेलं पीठ घेऊन आला. मार्च-एप्रिलमध्ये मी त्यांना ओल्या काजूची उसळ घालते, तेव्हा मात्र गप्प बसून खातात.

गावाला दोन भरत्या येतात. एक विद्यार्थ्यांची, एक पर्यटकांची, आणि त्या एकमेकींना चुकवून येतात. पोरं दिवाळीला आणि मे महिन्यात घरी गेली की केळसकर नाक्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते, काचा वर, आत एसी, खिडकीतून विचारणार, "मुरूड बीच कुठे?" दुकानदार त्या दिवसांत थोडे वेगळे वागतात, भावही वेगळे. मग सुट्ट्या संपतात, पोरं परततात, झेरॉक्सवाला परत रात्री अकरापर्यंत उघडा. सबमिशनच्या आदल्या दिवशी तिथे उभं राहिलं तर अख्ख्या महाराष्ट्राच्या बोल्या कानावर पडतात. मी काम नसताना जाते. एकदा एका मुलीने शेवटच्या वर्षाच्या ग्रामीण कार्यानुभवाची वही माझ्यापुढे धरून विचारलं, "काकू, 'शिवारफेरी'ला ऱ्हस्व शि की दीर्घ?" आता परीक्षेच्या दिवसांत माझ्या ओसरीवर शुद्धलेखनासाठी वह्या येतात. फुकट नाही हां. एका वहीला एक ओळखीचं झाड. कुठल्या झाडाचं काय नाव, ते मला सांगायचं. नाव लॅटिनमध्येही सांगतात, ते मी लगेच विसरते.

पैशांचं म्हणाल तर घर घेऊन, खर्च जाऊन जे उरलं त्यातले पंधरा लाख ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेत ठेवले, ८.२ टक्क्यांनी. दर तिमाहीला ३०,७५० रुपये येतात. हे त्या दिवशी मासळी बाजारातून हर्णैची सुरमई आणतात. एरवी बांगडा.

पहिल्या दिवाळीत डोंबिवलीहून त्या नर्स मुलीने मोबाइलवर एक फोटो पाठवला होता. शेअर सर्टिफिकेटची पाठ. सोसायटीने एकदाची तिची नोंद केली होती. मी फोटो मोठा करून बघितला. माझी समजूत होती की आमच्या नावावर रेघ मारतात. रेघ नव्हती. आमच्या खालच्या ओळीत तिचं नाव होतं आणि त्यात सचिवांनी एक वेलांटी चुकवली होती. मी तिला कळवलं, आत्ताच दुरुस्त करून घे, पुढे बँक त्रास देईल.

गेल्या जूनमध्ये वरचे चौघे गेले. जागामालकाने आता वर मुलींना जागा दिली, त्या कुरळ्या केसांच्या तिघी, आपापल्या गुलाबी-पोपटी बादल्या घेऊन आलेल्या. त्यामुळे निळी बादली घ्यायला खालच्या वर्षाचं कोणी नव्हतं. लातूरचा मुलगा जाण्याच्या दिवशी ती घेऊन ओसरीवर आला. "काकू, तुम्ही ठेवा. कलमांना पाणी घालायला." मी म्हटलं, मग तुझ्या नावावर रेघ मार. त्याने इकडे तिकडे बघितलं, म्हणाला, "पेंट नाही ओ." एसटीची वेळ झाली होती. हे त्याला सोडायला स्टँडवर गेले ते रत्नाचं एक कलम पिशवीत घालून, लातूरच्या उन्हात ते जगणार नाही हे दोघांनाही माहीत असताना.

परवा संध्याकाळी मी त्याच बादलीने अंगणात पाणी घालत होते, तेव्हा फोन वाजला. डोंबिवलीची मुलगी. आवाज दमलेला, पाठीमागे बाळाचं रडणं. सहा महिन्यांचं झालंय. नाव-बिव सांगून झालं, मग म्हणाली, "काकू, ती छतातली कडी आम्ही काढली नव्हती. किती वजन घेते हो ती?"

मी फोनवर हात ठेवून ह्यांना विचारलं. हे बुंध्यावर बसून ब्लेड पुसत होते.

"सांग तिला," हे म्हणाले, "एक माणूस आणि मांडीवर एक मूल."